मखर हलत होतं

आमच्या घरात एक गोष्ट आहे जी दरवर्षी गणपतीत निघतेच. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, पाव्हणे जरा सैल होऊन भिंतीला टेकले की कुणीतरी म्हणतंच, किल्लारीच्या वेळचं सांग की रे. आणि मग मी सांगतो. मला सांगायला आवडतं हे आधीच कबूल करून टाकतो.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीच्या भूकंपाची पहाट, चारला चार मिनिटं कमी. मी सात वर्षांचा. औसा तालुक्यातलं आमचं गाव, पाच खणाचं माळवद, दोन-दोन हात रुंद दगडाच्या भिंती, मातीत रचलेल्या. अण्णा तेव्हा किनवटकडं नोकरीला होते, घरात आई, दादा, आज्जी, चुलता तात्या आणि मी. झोपेत खालून मालट्रक गेल्यासारखा आवाज आला, मी डोळे उघडले तर समोर देवळीतलं घोटीव कागदाचं मखर गदागदा हलतंय, आत गणपती एकदा डावीकडं एकदा उजवीकडं झुकतोय, मागं आज्जीची उतरंड धाडधाड कोसळली, आणि मी उठून ढेळजंतून थेट अंगणात पळालो. मागच्या खोलीची भिंत पडली, पुढची फुगली, पण गणपती काही पडला नाही. इथं मी थोडं थांबतो. ऐकणारे हमखास गप्प होतात. एखादी म्हातारी हात जोडते.

ही गोष्ट मी होस्टेलवर सांगितली, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सांगितली, बायकोला लग्नाच्या आधी सांगितली (तिचं म्हणणं दोनदा सांगितली). आता लेक अकरावीला आहे, तिनं आर्ट्सला सायकॉलॉजी घेतलंय. आपल्याकडं लातूर-नांदेडचं लेकरू दहावीला नव्वद टक्के पाडून सायन्सला गेलं नाही की सोयऱ्याधायऱ्यात सुतक पडल्यासारखं होतं, ते सगळं झालं, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. तर तिच्या डोक्यात आलं की आपल्या घरची भूकंपाची आठवण प्रत्येकाला वेगवेगळं बसवून विचारायची, मोबाईलवर रेकॉर्ड करायची आणि ताडून बघायची. मला आनंदच झाला. माझी मुलाखत चाळीस मिनिटं चालली.

तिसऱ्या दिवशी जेवताना विचारते, पप्पा, त्या वर्षी अनंत चतुर्दशी कधी होती?

मी म्हणलं, आदल्या दिवशी. २९ तारखेला. लोक विसर्जन करून रात्री उशिरा दमून झोपले होते, म्हणून तर इतकी माणसं झोपेतच…

आणि माझा घास हातातच राहिला.

हे वाक्य मराठवाड्यातलं शेंबडं पोर पण सांगतं. किल्लारीवरचा कुठलाही लेख उघडा, पहिल्या चार ओळीत हे असतंच, गणपती बोळवून दमून झोपलेली गावं. मी स्वतः हे वाक्य दरवर्षी म्हणतो. आणि ते म्हणून झाल्यावर दोन मिनिटांनी, त्याच गोष्टीत, देवळीतला गणपती हलवतो. तीस वर्षं! ऐकणारे शंभरेक तरी असतील, एकालाही खटकलं नाही, मला तर नाहीच नाही. रात्री विहिरीत बोळवलेला गणपती पहाटे मखरात बसून हलत होता.

पहिला विचार काय आला सांगू? की आमचा गणपती नंतर बोळवला असंल. काहीतरी अडचण असंल, सुतक-बितक. म्हणजे डोळ्यापुढचं चित्र खोटं असंल हे मनात यायच्या आधी मी पंचांग वाकवायला निघालो होतो. चित्रच इतकं स्वच्छ आहे ना, आत्ता लिहिताना पण दिसतंय, मखराच्या कडेची चंदेरी पट्टी सुटून लोंबत होती ती सुद्धा.

लगेच नांदेडला दादाला फोन लावला. आई त्याच्याकडंच असते. म्हणलं, दादा, भूकंपात आपला गणपती नुसता हलत होता का थोडा सरकला पण होता? लेक समोरून हातवारे करायली. फोन ठेवल्यावर कडाडलीच, पप्पा, लीडिंग क्वेश्चन विचारला तुम्ही! आणि मग तिनं मला एलिझाबेथ लॉफ्टसबाईंचा १९७४ चा प्रयोग ऐकवला. त्या आणि त्यांचे सहकारी जॉन पामर, दोघांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं, गाड्यांचा वेग किती होता. प्रश्नात फक्त एक क्रियापद बदललं. काहींना विचारलं गाड्या एकमेकींना टेकल्या तेव्हा, काहींना विचारलं एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा. टेकल्या म्हणलं की सरासरी ताशी ३१.८ मैल, आदळल्या म्हणलं की ४०.८. फिल्म त्याच! दुसऱ्या प्रयोगात १५० जणांना आठवड्यानं परत बोलावून विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? काचा फिल्ममध्ये नव्हत्याच. तर ज्यांना ‘आदळल्या’ ऐकवलं होतं त्या पन्नासातल्या सोळा जणांना काचा दिसल्या होत्या, साधं ‘धडकल्या’ ऐकवलेल्यांपैकी सातच जणांना.

मी दादाला विचारलं हलला का सरकला. न हलण्याची सोयच ठेवली नाही प्रश्नात. आणि दादा काय म्हणाला असंल? सरकला की, चांगला वीतभर.

तिनं मुलाखती घेतल्या होत्या त्यात अजून एक मजा निघाली. मला घराबाहेर कुणी काढलं? मी म्हणतो मी स्वतः पळालो. दादा, जो तेव्हा अकरा वर्षांचा होता, म्हणतो मीच ह्याला दंडाला धरून ओढलं. आई म्हणते, ह्याला कडंवर आन् त्याला हाताला धरून मी भाईर आले, मला काय येड लागलंय का, माझ्या डोळ्यानं बघितलंय मी. म्हणजे तिघांच्या हिशोबानं मला तीनदा वाचवण्यात आलं.

आता घरात मानसशास्त्राची पुस्तकं आहेतच तर मी पण वाचायला लागलो. रात्री लेक झोपली की मी तिचं पुस्तक घेऊन बसतो, तिला वाटतं पप्पा व्हॉट्सॲप बघतेत. त्यात उलरिक नाइसर नावाचा माणूस सापडला आणि मला एकदम सोबत मिळाल्यासारखं झालं.

७ डिसेंबर १९४१ ला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा हा तेराव्या वाढदिवसाच्या एक दिवस अलीकडं होता. त्याची पक्की आठवण अशी की घरी रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत होतो, मॅच मधीच थांबवून बातमी सांगितली, आणि मी वर आईला सांगायला पळालो. ही आठवण त्यानं वर्षानुवर्षं बाळगली. माणूस मोठा मानसशास्त्रज्ञ झाला, आठवणींवरच काम करायला लागला, आणि एक दिवस त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की अमेरिकेत डिसेंबरात बेसबॉल खेळतच नाहीत! सीझन कधीच संपलेला असतो. त्याचा बेसबॉल आणि माझा गणपती, दोघं एकाच जातीचे. कॅलेंडरनं पकडलेले.

पुढं २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अंतराळयान उडाल्या उडाल्या फुटलं तेव्हा नाइसरनं संधी साधली. अशा बातम्यांच्या वेळी मेंदू फोटो काढतो, कोण कुठं होतं काय करत होतं सगळं जसंच्या तसं छापून राहतं, असा तेव्हा समज होता, ब्राउन आणि कुलिक ह्या दोघांनी १९७७ मध्ये त्याला फ्लॅशबल्ब मेमरी असं नावच दिलं होतं. नाइसर आणि त्याची विद्यार्थिनी निकोल हार्श, दोघांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी एमोरी विद्यापीठातल्या पोरांकडून लिहून घेतलं, बातमी कुठं कळली, कुणी सांगितली, काय करत होता. कागद ठेवून दिले. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना परत विचारलं. सातपैकी मार्क दिले. सरासरी आली २.९५. अकरा जणांना भोपळा, म्हणजे एकही तपशील जुळेना. पूर्ण सात फक्त तिघांना. आणि तुम्हाला किती खात्री आहे असं विचारलं तर पाचपैकी ४.१७! खात्री फर्स्ट क्लास, आठवण नापास. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला तरी मूळची आठवण कुणाची परत आली नाही.

माझ्या बाबतीत असा कागद असणं शक्यच नव्हतं, १९९३ ला आमच्याकडं कोण प्रश्नावली भरून घेणार, खायचे वांधे होते. लोक ढिगाऱ्यातून माणसं काढायलेले. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावंच्या गावं गेली, दहा हजाराच्या जवळपास माणसं. ज्या भिंतींचा आम्हाला अभिमान, उन्हाळ्यात थंडगार, त्याच जड दगडाच्या, मातीत रचलेल्या भिंती आणि वर हात-दीड हात मातीचं माळवद लोकांच्या अंगावर आलं. आमचं गाव त्या मानानं थोडक्यात निभावलं. त्या दिवसांची माझी खरी आठवण कुठली असंल तर वासाची, पावसानं भिजलेल्या पांढऱ्या मातीचा वास, पण आता मला तिच्यावरही भरवसा वाटंना गेलाय.

पण कागद निघाला. पोरीनं पुण्याच्या आत्याला फोन केला होता, आत्याचं तेव्हा अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं म्हणून तिला येता आलं नव्हतं, ती म्हणाली थांब, तात्याचं पत्र आहे माझ्या ट्रंकेत. आणि तासाभरात व्हॉट्सॲपवर इनलँड लेटरचा फोटो. तात्याचं ते उभट गिचमिड अक्षर, ८ ऑक्टोबर ९३. ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि., पत्र लिहिण्यास कारण की आम्ही सर्व खुशाल आहोत, काळजी करू नये. मग कुणाची भिंत पडली, कुणाचं जनावर गेलं, पत्रे कधी मिळणार ह्याची यादी. आणि मधीच एक ओळ. आईने बारक्याला वाकळेसगट उचलून बाहेर आणले, तो दिवस उगवेपर्यंत उठला नाही.

आईने म्हणजे तात्याच्या आईने. आज्जीने.

आणि मी झोपलेलो होतो. सबंध भूकंपभर. मालट्रकचा आवाज, मखर, उतरंड, ढेळज, पळणं, सगळं मी वाकळेत घोरत असताना झालं.

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पण हसलो पण आतून कसंतरीच झालं, घरातली एखादी भांडीकुंडी चोरीला जावी तसं. मग ही चंदेरी पट्टी आली कुठून?

ह्याचं उत्तर आईनंच नकळत दिलं, मुलाखतीत, भलत्याच प्रश्नाला. भूकंपानंतर आम्ही सव्वा-दीड वर्ष पत्र्याच्या शेडात राहिलो. पुढच्या वर्षीचा गणपती शेडातच बसवला होता. आई म्हणते, ‘वारं सुटलं की पत्रे थडाथडा वाजायचे आन् मखर असं हलायचं की मी रात्रीतून चारदा उठून बघायचे, मूर्ती पडली तर अजून काय वाढून ठेवलंय म्हणून.’ म्हणजे हलणारं मखर खरं होतं! फक्त ते ९४ चं होतं. वाऱ्यानं हललेलं. आठ वर्षांचा मी ते पडल्या पडल्या बघत असणार. चित्र पक्कं राहिलं, त्याच्यावरची तारीख गळाली, आणि मोठ्यांच्या तोंडून रोज ऐकलेल्या भूकंपाच्या गोष्टीत ते जाऊन बसलं. पुस्तकात ह्याला स्रोताचा गोंधळ म्हणतात, काय आठवतंय हे बरोबर पण कुठून आलं ते चूक. मार्शिया जॉन्सन आणि सहकाऱ्यांचा ह्यावरचा गाजलेला लेख नेमका १९९३ चा निघावा ही आपली उगीच गंमत.

नाइसरचंही असंच झालं बरं का. पुढं दोघा संशोधकांनी शोधून काढलं की त्या दिवशी खरंच रेडिओवर एक मॅच चालू होती, पण अमेरिकन फुटबॉलची, आणि खेळणाऱ्या टीमची नावं जायंट्स आणि डॉजर्स, जी बेसबॉलच्या टीमचीही नावं होती. पोराच्या डोक्यात नाव राहिलं, खेळ बदलला.

ह्या सगळ्यात मला जास्त टोचतं ते वेगळंच. मी लातूरला शिकलोय, लातूर पॅटर्नच्या भरातल्या दिवसात, रूम करून, मेसचा डबा खाऊन. तिथं एकच मंत्र होता, पेपर सोडवा. वाचत बसू नका, सोडवा. दर रविवारी टेस्ट, चुकलं की परत टेस्ट. आता कळतंय त्याला शास्त्रीय आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक ह्यांनी २००६ मध्ये दाखवलं की धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी विचारलं तर ते पुढं असतात, पण आठवड्यानं विचारलं तर वाचून झाल्यावर स्वतःची परीक्षा घेणारे पुढं जातात. आठवणं हाच आठवण घट्ट करायचा उपाय. आणि एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं तर १८८५ मध्येच, निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून, स्वतःवरच प्रयोग करून सांगितलं होतं की विसरणं सुरुवातीला धबाधबा होतं, एका दिवसातच बराचसा माल गळतो, आणि अंतर ठेवून उजळणी केली की टिकतं.

आता माझ्याकडं बघा. वर्षातून एकदा, ठरल्या वेळी, ऐकणाऱ्यांसमोर, न बघता म्हणून दाखवायचं. ह्याच्यापेक्षा चांगला सराव लातूरच्या कुठल्या क्लासनं घेतला नसता. फक्त मी पाठ करत होतो ते उत्तर चुकीचं होतं. आणि तपासायला कुणी सर नव्हते, प्रत्येक वेळी पूर्ण मार्क, वर म्हातारीचे जोडलेले हात.

आणि ज्या बाईनं मला उचललं तिनं ही गोष्ट कधीच सांगितली नाही. मी लई आठवून बघितलं (आता माझ्या आठवण्याला काय किंमत आहे म्हणा), दादाला विचारलं, बायकोला विचारलं, तिनं आज्जीची शेवटची चार-पाच वर्षं बघितलीत. नाही. आम्ही सगळे बोलत असायचो तेव्हा ती चुलीपाशी नाहीतर दारात बसलेली असायची, मध्ये एकदा सुद्धा म्हणली नाही की गप रे, तू झोपला होतास. माझ्या गोष्टीत आज्जीची फक्त उतरंड आहे. आज्जी नाहीच.

तिचं बोलणं नव्हतं पण तिची कडी होती. भूकंपानंतर आज्जीनं रात्री दाराला आतून कडी लावू दिली नाही, कधीच. नवीन घर झालं, चोऱ्यांचा बोभाटा झाला, अण्णा चिडायचे, तरी ही झोपायच्या आधी उठून कडी काढून ठेवायची. आणि भांडं. स्वयंपाकघरात एखादं ताट नुसतं खणाणलं की आज्जी उठून दारात. ताट आधी वाजतं, मग आज्जी दारात दिसते, मग तिला कळतं की ताट होतं. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटायची ते शाळेत आपण सगळेच हसत हसत शिकलो, पण त्याला कितीतरी वेळा घंटा आणि अन्न जोडून द्यावं लागलं होतं. भीतीला इतके धडे लागत नाहीत. एका पहाटेत होतं. उतरंड एकदाच कोसळली होती.

तेव्हा तर अख्खं गावच तसं झालं होतं. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला की लोक बाहेर. कुणी म्हणायचं आत्ता हादरला, कुणी म्हणायचं नाही, आणि खरंही असायचं कधी कधी, छोटे धक्के येतच होते. त्याला येडेपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. दहा वेळा उगाच पळालं तर दहा वेळा झोपमोड होते, एकदा पळायचं राहिलं तर काय होतं ते लोकांनी बघितलेलं होतं. कानानं आपलं माप बदलून घेतलं, इतकंच.

आणि ते माप जातही नाही असं दिसतंय. विसरल्यासारखं वाटतं, वर्षानुवर्षं काही होत नाही, भीती विझते. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडं भूकंप झाला, ४.५ चा, नांदेडला पण जाणवला. दादा सांगतो, आम्ही उठून हे काय झालं म्हणेपर्यंत आई तिसऱ्या मजल्यावरून खाली पार्किंगमध्ये पोचली होती, चप्पल हातात. सत्तरीची बाई, एरवी गुडघे धरून जिना उतरते.

तर ते पत्र. गेल्या महिन्यात नांदेडला गेलो तेव्हा लेकीनं आज्जीला, म्हणजे माझ्या आईला, फोटो मोठा करून वाचून दाखवला. मी जरा तयारीतच होतो, म्हणलं हिला वाईट वाटंल, इतकी वर्षं आपण उचललं म्हणून सांगत आली बिचारी. आईनं चष्मा लावला, तात्याचं अक्षर ओळखलं, थोडं डोळ्यात पाणी पण आलं, तात्या जाऊन आता सहा वर्षं झाली. मग चष्मा काढून म्हणाली,

‘तात्या त्या रात्री घरात हुता कुठं? गणपती बोळवून जो गेला तो शेतात जागलीला. उजाडल्यावर पळत आला. त्यानं काय बघितलंय?’

आम्ही गप्प.

‘मग आज्जी, त्यांना कुणी सांगितलं असंल?’ लेकीनं विचारलं. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू होतं.

‘मीच सांगितलं असंल. नाहीतर म्हातारीनं.’

‘मग बारक्याला कुणी उचललं होतं?’

‘मी,’ आई म्हणाली, आणि भाजी निवडायला लागली.